‘तुमची वीज आमची संस्था घेईल’ म्हणणाऱ्यांना पैसे देण्याआधी हे वाचा

छतावर सोलरच्या प्लेटा बसवा, तयार होणारी वीज आमची सहकारी संस्था युनिटला ८ रुपयांनी विकत घेईल, असं सांगत कोणी दारात आलं तर त्याच्या हातावर एक रुपयाही टेकवू नका. आमच्या गावातून हेच सांगून पैसे गोळा केले गेले. आता तशाच सभा शिरपूर आणि चोपड्याकडच्या गावांत होत असल्याचं पाहुण्यारावळ्यांकडून कानावर येतंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं गाव तापीकाठचं, अमळनेरपासून जवळ. आलेल्या माणसांपैकी एक जण अस्सल अहिराणी बोलणारा होता. ‘नाना, तुमना छतवर सोनं पडेल शे,’ असं तो माझ्या वडिलांना म्हणाला. पारावर सभा घेतली. कापसाचा भाव, लाइटबिल, रात्रीचं लोडशेडिंग, सगळं आपल्या घरचं दुखणं असल्यासारखं बोलला. मग मोबाइलवर गुजरातमधल्या ढुंडी गावाचा व्हिडिओ दाखवला. शेतकरी सौर वीज तयार करतात, सहकारी मंडळीमार्फत विकतात, दर महिन्याला पैसे घेतात.

ढुंडीची गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच तिचा असा वापर झाल्याचा जास्त राग येतो. खेडा जिल्ह्यातल्या या गावातल्या शेतकऱ्यांनी सौरपंपांसाठी सहकारी मंडळी काढली, आणि २०१६ पासून उरलेली वीज विकायला सुरुवात केली. पण ती विकत घेणारी होती तिथली सरकारी वीज कंपनी. तिच्याशी २५ वर्षांचा करार होता आणि दर होता युनिटला ४ रुपये ६३ पैसे. म्हणजे तिथे मंडळी विकणारी होती. आमच्याकडे आलेल्यांनी नेमकं हेच उलटं करून सांगितलं, की संस्थाच वीज घेणार आणि संस्थाच पैसे देणार. ती संस्था पुढे ही वीज कोणाला आणि कोणत्या तारांवरून देणार, याचं उत्तर सभेत ‘ते वरच्या पातळीवर ठरलंय’ एवढंच मिळालं.

हिशोब असा मांडला होता. ३ किलोवॅटचा प्लांट. घरच्या सोलरला मिळणारी सरकारी सबसिडी संस्था परस्पर वळती करून घेणार, म्हणून सभासदाने भरायचे फक्त १ लाख २० हजार, वर शेअरचे ११ हजार. खानदेशात ऊन ४५ अंशांपर्यंत जातं, म्हणून इथे दिवसाला २० युनिट निघतील. महिन्याचे ६०० युनिट, त्याचे ४,८०० रुपये. अडीच वर्षांच्या आत पैसे वसूल.

यातला उन्हाचा मुद्दा ऐकायला पटतो, पण तो खोटा आहे. प्लेट प्रकाशावर वीज बनवते, उष्णतेवर नाही. तिची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि प्लेट त्याहून जितकी तापेल तितकी दर अंशामागे वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात आमच्या स्लॅबवरच्या प्लेटेला हात लावून बघा, क्षणभरही ठेवता येत नाही. वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिट, म्हणजे ३ किलोवॅटचे १२. त्यातले काही घरातच वापरले जातात. वीस युनिट कुठून येणार?

वडिलांनी कापसाचे आलेले पैसे दिले. आमच्या गल्लीतल्या आक्कांनी दिले ते एसटीतून निवृत्त झालेल्या नवऱ्याच्या फंडाचे. प्लेटा खरोखर बसल्या, इन्व्हर्टर बसला, शेजारी एक जादा मीटर बसलं. ते म्हणे ‘संस्थेचं मीटर’. महिन्याच्या शेवटी एक मुलगा मोटारसायकलवर यायचा, त्या मीटरचा फोटो काढून न्यायचा. आणि सुरुवातीला पैसेही आले. आमच्या खात्यात चार हजारांच्या वर रक्कम जमा झाली, तेव्हा गावातल्या उरलेल्यांनीही रांग लावली. नंतरच्यांच्या शेअरच्या पैशांतूनच आधीच्यांना दिलं जात होतं. नवे सभासद संपले, तसे पैसे थांबले आणि फोन बंद झाले.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट घडली होती, ती प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. प्लेटा बसल्यावर आमचं महावितरणचं बिल कमी व्हायला हवं होतं, ते वाढलं. दुपटीहून जास्त. संस्थेचा माणूस म्हणाला, उन्हाळा आहे, कूलर चालतो. शेवटी वडिलांनी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने भर दुपारी घरातले पंखे, फ्रिज, सगळं बंद करायला लावलं आणि मीटरजवळ उभा राहिला. घरात काहीच चालू नसताना मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. मग त्याने सोलरचा ब्रेकर खाली केला. दिवा थांबला. ब्रेकर वर केला, पुन्हा लुकलुक सुरू. ‘भाऊ, हे जुनं मीटर आहे. वीज आत येते की बाहेर जाते हे याला कळत नाही. बाहेर गेलेली वीजही ते तुमच्या वापरातच धरतंय,’ असं तो म्हणाला. छतावरची वीज तारेवर फुकट जात होती आणि तिचंच बिल आम्ही भरत होतो. ज्यांनी अशा प्लेटा बसवल्यात त्यांनी आजच दुपारी एवढं करून बघावं.

हे झालं कारण नेट मीटर बसलंच नव्हतं. नेट मीटर आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजतं, आणि ते महावितरणच्या मंजुरीनेच बसतं. आमच्या नावाने तसा अर्जच गेलेला नव्हता. मंजुरीशिवाय प्लांट लाइनला जोडणं नियमबाह्य तर आहेच, शिवाय खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतू शकतं. सबसिडीच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून पाहिला, तिथेही काही नव्हतं. मात्र आधार, लाइटबिल, रद्द केलेला चेक, सगळ्याच्या प्रती ते घेऊन गेले होते. प्लेटांच्या मागची स्टिकरं खरवडलेली होती. सबसिडीसाठी देशात बनलेल्या सौर सेलच्याच (प्लेटेतले वीज बनवणारे तुकडे) प्लेटा लागतात, त्यामुळे या प्लेटांवर आता रीतसर अर्ज करायचीही सोय राहिलेली नाही.

कागद नंतर बारकाईने पाहिले. संस्थेच्या नावाच्या आधी कंसात, अगदी बारीक अक्षरात छापलं होतं ‘नियोजित’. म्हणजे संस्था नोंदलेलीच नव्हती. वर गोल शिक्का होता, पण नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. नियोजित संस्थेला शेअरची रक्कम घ्यायची तरी सहकारी संस्थांच्या निबंधकांकडून नाव राखून घ्यावं लागतं, त्यांच्या परवानगीने बँकेत संस्थेच्या नावाने खातं उघडावं लागतं आणि पैसे तिथेच जमा करावे लागतात. आमचे पैसे गेले एका खासगी ट्रेडर्सच्या चालू खात्यावर. आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्पवरच्या करारात ८ रुपयांचा उल्लेखच नव्हता. तिथे होतं, ‘संस्थेस परवाना प्राप्त झाल्यानंतर प्रचलित दराने’.

परवान्याचा मुद्दा कळीचा आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार घरोघरी वीज पुरवायला साधारणपणे वितरणाचा परवाना लागतो, संस्था सहकारी असली तरी. महाराष्ट्रात श्रीरामपूर-राहता भागात मुळा-प्रवरा ही सहकारी संस्था असा परवाना घेऊन अनेक वर्षं वीज देत होती. तिची मुदत जानेवारी २०११ मध्ये संपली आणि तो भागही महावितरणकडे गेला. तेव्हा आपल्या खानदेशात घरगुती छतावरची वीज घेणारी महावितरणच. तीही दर महिन्याला रोख पैसे देत नाही. जादा गेलेले युनिट पुढच्या बिलात वळते होतात, साठत जातात आणि ३१ मार्चनंतर जे शिल्लक राहतात त्यांचा मोबदला वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतो. तो दर आपल्या बिलातल्या दरापेक्षा कमीच असतो. घरच्या सोलरचा फायदा बिल वाचण्यात आहे, वीज विकण्यात नाही.

तो फायदा मात्र खरा आहे, आणि या लोकांमुळे गावं सोलरपासूनच दूर पळू लागली तर ते मोठं नुकसान ठरेल. धुळ्याला माझ्या मावसभावाने प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅट बसवलं. पोर्टलवर स्वतः अर्ज केला, यादीतला विक्रेता निवडला. काम झालं, नेट मीटर लागलं, तपासणी झाली आणि ७८ हजारांची सबसिडी थेट त्याच्या बँक खात्यात आली. २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या प्लांटला कमाल ७८ हजार, असा हिशोब आहे. असा स्वतः अर्ज केला तर ती परस्पर दुसऱ्या कोणाकडे वळती होत नाही. आणि लाइट गेल्यावर बॅटरी नसलेला प्लांट सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो. लोडशेडिंगमध्येही घरात उजेड राहील असं जो छातीठोक सांगतो, त्याला बॅटरीचं विचारा.

सहायक निबंधकांच्या कार्यालयाने अशी संस्था नोंदलेली नसल्याचं लेखी दिलं आहे. ते पत्र जोडून पोलिसांत तक्रार दिली, आर्थिक गुन्हे शाखेकडेही अर्ज केला. ठेवीदारांच्या हितासाठीचा १९९९ चा राज्याचा कायदा लागू होतो का, हे तपासलं जातंय. ग्राहक आयोगातही जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पैसे अजून परत आलेले नाहीत. पतसंस्थांमध्ये ठेवी अडकल्याचं दुःख जळगाव जिल्ह्याने आधीच भोगलंय, त्यामुळे लवकर काही होईल असं सांगून मी कोणाला खोटी आशा लावणार नाही.

तक्रारीत एक अडचण मोठी आहे. ज्यांना सुरुवातीला पैसे मिळाले आणि ज्यांनी विश्वासाने भाऊबंदांना आणलं, ते पुढे यायला घाबरतात. आपल्यालाच एजंट ठरवतील अशी भीती त्यांना वाटते. आक्कांचे जावई त्यातलेच. त्यांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे: तुमच्या पासबुकातली ती जमा रक्कम हा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे. ती कोणाच्या खात्यातून आली, यावरूनच पोलिसांना माग काढता येईल. पासबुक भरून घ्या, मीटरच्या फोटोचे आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज पुसू नका, स्टॅम्पपेपरची मूळ प्रत कोणालाही देऊ नका, आणि जबाब द्यायला या. आम्ही सोबत येऊ.