दहा महिने मनगटावर ईसीजी: ‘इनकन्क्लुझिव्ह’ या एका शब्दाचा छळ

आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा दवाखान्यातल्या ईसीजीत पहिल्यांदा कळलं की तिला एट्रियल फिब्रिलेशन आहे. कधीपासून होतं, ते कुणालाच सांगता आलं नाही, कारण तिला धडधड किंवा दम असं काही जाणवलंच नव्हतं. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, तिथे रक्त साकळतं आणि ती गुठळी मेंदूत जाऊन अडकते. त्या धसक्याने मी ईसीजीवालं घड्याळ घेतलं. नुसती पावलं मोजायला मी एवढे पैसे कधीच घातले नसते.

पहिले तीन महिने चांगले गेले. ३० सेकंद बोट टेकवायचं, ‘सायनस ऱ्हिदम’ (म्हणजे नियमित ताल) वाचायचं, कामाला लागायचं. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी छातीत ठोका हुकल्यासारखा झाला, मग एक जोरात बसला, परत हुकला. लगेच रेकॉर्डिंग घेतलं. उत्तर आलं, ‘इनकन्क्लुझिव्ह’, म्हणजे निष्कर्ष निघत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. ज्या क्षणासाठी घड्याळ घेतलं, त्याच क्षणी त्याला काही सांगता येईना.

मग मी वहीच घातली. दोन महिन्यांत ४१ रेकॉर्डिंग, त्यांतली १६ इनकन्क्लुझिव्ह, आणि ती जवळजवळ सगळी धडधडीच्या वेळची. मनगट पुसून कोरडं केलं, पट्टा आवळला, हात टेबलावर टेकवला, चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपपासून लांब जाऊन बसले. फरक शून्य. कस्टमर केअरला चार फोन केले, चारही वेळा ‘रीसेट करा, अपडेट करा’. सर्व्हिस सेंटरने नऊ दिवस ठेवून घेतलं आणि दोष आढळला नाही असं लिहून परत दिलं. हा रिव्ह्यू मी त्या रागात अर्धा लिहून ठेवला होता आणि एकच स्टार देणार होते.

तो तसाच राहिला, कारण त्या १६ रेकॉर्डिंगच्या ईसीजी पट्ट्यांची पीडीएफ मी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवली. त्यांनी वरचा शब्द वाचलासुद्धा नाही, थेट रेघ बघितली. तिसऱ्याच पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, “हे बघा, हा ठोका वेळेआधी पडलाय आणि रुंद आहे. बाकीच्या ठोक्यांआधी पी वेव्ह, म्हणजे वरच्या कप्प्यांची छोटी लाट, स्वच्छ दिसतेय. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ती दिसत नाही.” खालच्या कप्प्यातून अधूनमधून पडणारे जादा ठोके, एक्टॉपिक. २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) केलं, तेव्हा निदान पक्कं झालं.

मग त्यांनी नीट समजावलं. माझ्या घड्याळाला दोनच गोष्टींची नावं ठामपणे घेता येतात, नियमित ताल आणि एट्रियल फिब्रिलेशन. नाडी ठरावीक मर्यादेबाहेर गेली, मध्ये जादा ठोके आले किंवा हात हलला, की सगळं एकाच खात्यात जमा, इनकन्क्लुझिव्ह. म्हणजे मी दोन महिने ज्याला बिघाड म्हणत होते, त्याच पट्ट्यांत माझं उत्तर होतं. घड्याळावरचा राग तिथे ओसरला. ॲपवरचा ओसरलेला नाही. घाबरलेल्या माणसाला तो शब्द ठळक अक्षरांत आणि रेघ खाली बारीक का दाखवता? रेघ वर घ्या, आणि ‘ही पट्टी डॉक्टरांना दाखवा’ एवढं शब्दाशेजारीच लिहा.

ताल अनियमित वाटला की घड्याळ आपोआप सूचना देतं, त्याबद्दलही माझा समज चुकीचा होता. मला वाटायचं, घड्याळ सतत पहारा देतं. प्रत्यक्षात ते मागचा हिरवा प्रकाश टाकून अधूनमधून, तेही हात स्थिर असतानाच ताल तपासतं. आणि मी रोज रात्री ते चार्जरवर ठेवत होते! हात सगळ्यात स्थिर असतो ते तास दहापैकी पाच महिने मी वाया घालवले. आता आंघोळीच्या वेळी चार्ज करते.

ॲपलच्या घड्याळाची अशीच सूचना तपासणाऱ्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट स्टडीत ४,१९,२९७ लोक होते आणि सूचना आली फक्त ०.५२ टक्क्यांना. त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीवर ईसीजी पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांच्या पॅचवर एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. हा त्रास येतो-जातो, त्यामुळे पॅच लावलेल्या दिवसांत तो दिसेलच असं नाही. म्हणून सूचना आली तर ती खरी-खोटी ठरवणं डॉक्टरांवर सोपवा, आणि आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. हार्ट अटॅक तर हे घड्याळ ओळखतच नाही. छातीत दुखत असताना बोट टेकवून बसू नका, दवाखाना गाठा.

आईसाठीही एक घेणार होते. डॉक्टरांनीच थांबवलं. तिचं निदान झालेलं आहे, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, आणि ही सूचना मुळात निदान न झालेल्यांसाठी असते. ते पैसे तिच्या फिजिओथेरपीला लावले. भावाला मात्र घ्यायला लावलं. तो अजून रात्री काढूनच झोपतो, म्हणून झोपायच्या आधी रोज त्याला फोन करते.