'नाइट्स इन द नाइटमेअर' घ्यावा की 'हाफ-मिनिट हीरो'? समीक्षकांची तक्रार कुठल्या तासाची, ते आधी बघा

भाच्याला यंदा इंदूरजवळच्या पीथमपूरला नोकरी लागली. सकाळी सातला रामबागेजवळून कंपनीची बस, पोहोचायला पाऊण-एक तास, संध्याकाळी परत तेवढाच. या वेळात खेळायला एखादं जुनं हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचं गेम-यंत्र, घ्यायचं त्याने ठरवलं आणि रविवारी पोहे-जलेबी खाताना मला विचारलं, "मावशी, निन्टेंडो डीएस घेऊन 'नाइट्स इन द नाइटमेअर' खेळू, की पीएसपी घेऊन 'हाफ-मिनिट हीरो'? रिव्ह्यू दोन्हींचे वाचले. दोन्हीकडे लिहिलंय की असा गेम दुसरा नाही."

त्याची अडचण खरी आहे. दोन्ही गेमना समीक्षकांनी "वेगळा" म्हटलं, आणि दोन्हीकडे एकेक मोठी तक्रारही केली. मी दोन्ही शेवटपर्यंत खेळले आहेत. स्तुतीपेक्षा ती तक्रार नीट वाचली तर निवड सोपी होते, असं माझं मत आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी थोडी ओळख. 'नाइट्स इन द नाइटमेअर' हा स्टिंग या जपानी कंपनीचा गेम. जपानमध्ये सप्टेंबर २००८ला आला, अमेरिकेत जून २००९ला अ‍ॅटलसने आणला. 'रिव्हिएरा' आणि 'इग्ड्रा युनियन' याच मालिकेतले. 'हाफ-मिनिट हीरो' मार्व्हलसचा. जपानमध्ये मे २००९, अमेरिकेत ऑक्टोबर २००९, तिथे तो एक्ससीडने काढला. म्हणजे दोन्ही गेम जवळजवळ एकाच हंगामातले, दोन्ही राजा-राक्षस-शूरवीरांच्या जगातले, आणि दोघांनीही आरपीजीची (लढत लढत पात्रांची ताकद वाढवत कथा पुढे नेणाऱ्या गेमची) नेहमीची वाट सोडलेली. मोठ्या टीव्ही-कन्सोलवर गेम बनवायचा खर्च तेव्हा फार वाढला होता, त्यामुळे लहान कंपन्या असले धाडसी प्रयोग हातातल्या यंत्रांवर करत होत्या.

'नाइट्स' खेळताना नेमकं काय करायचं असतं

हे सांगायला वेळ लागतो. गेमची सगळी गंमत आणि सगळी बदनामी याच एका गोष्टीत आहे.

तुम्ही शूरवीर नसता. तुम्ही असता एक छोटासा प्रकाशाचा ठिपका, विस्प. डीएसला दोन पडदे असतात; खालच्या, स्पर्शाच्या पडद्यावर स्टायलसने, म्हणजे पडद्यावर टेकवायच्या लेखणीने, तो ठिपका फिरवायचा. रणांगणात शूरवीर उभे असतात आणि बहुतेक जण जागचे हलत नाहीत. ठिपका त्यांच्यावर नेऊन धरला की ते वाराची तयारी करतात, सोडला की वार होतो. विशेष वार हवा असेल तर कडेला ठेवलेलं शस्त्र ओढून नेऊन त्यांच्या हातात द्यायचं. आणि हे चालू असताना राक्षस तुमच्या ठिपक्यावर गोळ्यांचा पाऊस पाडत असतात. गोळी लागली की जीव कमी होत नाही, डावातला वेळ कमी होतो. वाराची तयारी करतानाही तोच वेळ खर्च होतो. वेळ संपला की डाव संपला.

याच्यावर आणखी थर आहेत. राक्षस मारून एका पटावर ओळ पूर्ण करायची असते, तरच लढाई जिंकता येते. पुढच्या डावात कुठले राक्षस येणार हे फिरणाऱ्या चक्रावर ठरतं. दोन अवस्था असतात, त्या बदलल्या की त्याच शूरवीराचा वार बदलतो. शस्त्रं झिजतात. आणि शूरवीरही झिजतात: वार करता करता त्यांची प्राणशक्ती कमी होत जाते आणि ती संपली की तो शूरवीर कायमचा जातो.

हे शेवटचं वाक्य मला या गेममधलं सगळ्यात मोठं वाटतं. हे योद्धे आधीच मेलेले आहेत, तुम्ही त्यांच्या आत्म्यांना थोड्या वेळासाठी उठवता. लढाईआधी लहानसा प्रसंग येतो आणि त्यात एखाद्या शिपायाची अखेर दिसते. त्याला आपल्या बाजूला घ्यायचं तर त्याला प्रिय असलेली एखादी वस्तू आणून द्यावी लागते. मग तुम्ही त्याला वापरता आणि वापरता वापरता संपवता. हवं तर एकाचा आत्मा दुसऱ्यात मिसळून दुसऱ्याला बळकट करता येतं, पण पहिला मग उरत नाही. इतर आरपीजीत लढून लढून माणसं वाढतात, इथे लढून लढून झिजतात. कथाही सरळ पुढे जात नाही, मागचे प्रसंग तुकड्यातुकड्यांनी येत राहतात, आणि आपण हा ठिपका म्हणजे नक्की कोण ते हळूहळू कळतं. ते इथे सांगणार नाही.

आता समीक्षक काय म्हणाले? चित्रं, संगीत आणि कल्पकता यांचं कौतुक बहुतेकांनी केलं. तक्रारही जवळजवळ सगळ्यांची एकच: शिकायला फार कठीण. गेममध्ये लांबलचक ट्यूटोरियल आहे, धड्यांमागून धडे, आणि सगळे वाचले तरी पहिल्या दोन-तीन लढायांत पडद्यावर काय चाललंय ते कळत नाही. तक्रार खोटी नाही. मलाही पहिल्या संध्याकाळी काही सुधरलं नव्हतं.

पण ही तक्रार पहिल्या तीन-चार तासांची आहे. समीक्षकाला ठरलेल्या दिवसांत गेम संपवून लिहायचं असतं, त्याला ते तास फार बोचतात. तुमच्या-आमच्यासारख्याला तशी घाई नसते. पाचव्या-सहाव्या लढाईनंतर हाताला वळण लागतं, डोळा एकाच वेळी गोळ्याही बघतो आणि पटही बघतो, आणि तिथून पुढे या गेमसारखी तंद्री मला दुसऱ्या कुठल्याच आरपीजीत लागलेली नाही.

आमच्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित ख्याल आठवतो. झुमरा तालाची एकेक मात्रा इतकी लांब की नवखा माणूस सम कुठे आहे हे शोधत बसतो. पहिल्या दहा मिनिटांत उठून गेलेल्याला विचारलं तर तो म्हणेल, काही घडलंच नाही. बसून राहिलेल्याला विचारा.

'हाफ-मिनिट हीरो'

इथे सांगायला काहीच वेळ लागत नाही. राक्षसराजाने मंत्र म्हटलाय, ३० सेकंदांत जग नष्ट होणार. तेवढ्यात तुम्ही गावात जा, तलवार घ्या, रस्त्यातल्या राक्षसांना धडका देत पातळी वाढवा, किल्ल्यात शिरा, त्याला हरवा. लढाया आपोआप होतात, तुम्ही फक्त धावायचं. बटण दाबून जोरात धावलात तर वेळ वाचतो, पण जीव कमी होतो. काळदेवतेच्या मूर्तीपाशी जाऊन पैसे मोजले की घड्याळ पुन्हा ३०वर येतं, आणि दर वेळी देवीचा भाव वाढतो.

प्रत्येक मोहिमेच्या शेवटी श्रेयनामावली येते, जणू एक आख्खा गेम संपला. पुढच्या मोहिमेत पातळी पुन्हा १पासून, मात्र मिळवलेली शस्त्रं राहतात. चित्रं मुद्दाम जुन्या गेमसारखी, मोठ्या चौकोनी ठिपक्यांची. विनोद सरळ आणि प्रेमळ आहे: आरपीजीतल्या सगळ्या ठरावीक गोष्टी तो घेतो आणि घाईत पळवतो. ज्याने लहानपणी असे गेम खेळलेत त्याला प्रत्येक वळणावर हसू येतं.

समीक्षकांनी हा मुख्य भाग, म्हणजे 'हीरो ३०', डोक्यावर घेतला. तक्रार होती इतर तीन भागांबद्दल. एकात तुम्ही राक्षसांचे सरदार होऊन सैन्य बोलावता. एकात राजकन्या बाणांचा मारा करत बाहेर पडते आणि ३० सेकंदांत राजवाड्यात परतते. एकात शिपाई बनून मंत्र म्हणणाऱ्या ऋषीला तेवढा वेळ वाचवायचं. हे तिन्ही भाग उथळ आहेत, एकसुरी होतात, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. माझंही मत तेच. राजकन्येचा भाग मला थोडा आवडला, शिपायाचा मी केवळ पुढचं उघडावं म्हणून उरकला. ते सगळं पार केल्यावर 'हीरो ३००' येतो आणि मग 'हीरो ३'. हा दुसरा नावाप्रमाणे तीन सेकंदांचा, आणि अतिशय कठीण.

म्हणजे इथली तक्रार नंतरच्या तासांची आहे. सुरुवात सोन्यासारखी, मध्यावर रेंगाळणं.

गुणांचे आकडे बघून ठरवू नका

भाच्याने दोन्हींचे सरासरी गुण काढून ठेवले होते. जपानच्या 'फामित्सू' या गेमच्या नियतकालिकात चार समीक्षक प्रत्येकी १०पैकी गुण देतात आणि बेरीज ४०पैकी छापतात. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर अनेकांचे गुण १००च्या मापात आणून एक आकडा दिसतो. नेहमीच्या धाटणीच्या गेमला हे चालतं, कारण तिथे सगळ्यांचं मत साधारण एकाच ठिकाणी पडतं. 'नाइट्स'सारख्या गेमवर एकाला आयुष्यभराचा गेम सापडतो आणि दुसरा ट्यूटोरियलमध्येच वैतागतो. दोघांची सरासरी काढली की "बरा आहे" असा आकडा येतो, आणि "बरा आहे" असं प्रत्यक्षात कुणालाच वाटलेलं नसतं. त्यापेक्षा एक अगदी खूश झालेला आणि एक अगदी चिडलेला, असे दोनच रिव्ह्यू पूर्ण वाचा. चिडलेल्याची तक्रार तुम्हाला सोसवणार असेल तर गेम घ्या.

बस आणि यंत्र

आता पीथमपूरच्या बसचा विचार करू, कारण भाच्याच्या बाबतीत खरा निकाल तिथेच लागतो. 'नाइट्स' स्टायलसने खेळायचा. बस खड्ड्यात गेली की हात हलतो, ठिपका सरकतो, गोळी लागते, वेळ जातो. शिवाय एक लढाई अर्ध्यावर सोडून उतरलात तर संध्याकाळी पुन्हा डोकं लावावं लागतं. 'हाफ-मिनिट हीरो'ची मोहीम घड्याळ मागे फिरवत खेळली तरी थोड्या मिनिटांत संपते. वाटेतलं राऊ येईपर्यंत दोन-चार सहज होतात. बसमध्ये खेळायला याच्याइतका सोयीचा आरपीजी मला माहीत नाही.

'नाइट्स' २०१०मध्ये पीएसपीवरही आला, मग एकाच यंत्रावर दोन्ही का नकोत, असं भाचा म्हणाला. नकोत. पीएसपीला स्पर्शाचा पडदा नाही. ठिपका छोट्या गोल काडीने फिरवावा लागतो, आणि जो वेग स्टायलसला येतो तो तिला येत नाही. हा गेम त्या खालच्या पडद्यासाठीच घडवलेला आहे. अशीच गोष्ट 'द वर्ल्ड एंड्स विथ यू'ची: डीएसवर दोन पडद्यांवर एकाच वेळी लढाई, २०१२मध्ये आयफोनवर आणि २०१८मध्ये निन्टेंडोच्या स्विचवर एका पडद्यात बसवलेली. खेळता येतो, कथा तीच आहे, पण डीएसवरची ती दोन ठिकाणी फाटलेली नजर तिथे नाही.

'हाफ-मिनिट हीरो'ला मात्र यंत्राचं बंधन कमी आहे. २०१२मध्ये तो स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, आला, तिथे इतर तीन भागही बदलून मुख्य भागाच्या धर्तीवर आणले आहेत. तुमच्याकडे लॅपटॉप असेल तर जुना पीएसपी शोधायची गरजच नाही.

जुनं यंत्र घेणारच असाल तर हातात घेऊन बघा, फोटोवर जाऊ नका. मी काही वर्षांपूर्वी एका दुकानातून घेतलेल्या पीएसपीची बॅटरी फुगलेली निघाली, मागचं झाकणच नीट बसेना, आणि दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. तेव्हापासून बॅटरी काढून सपाट आहे का ते बघते आणि यूएमडी, म्हणजे पीएसपीची गेमची चकती, फिरल्याचा आवाज ऐकते. डीएस घेताना बिजागरी हलवून बघा आणि खालच्या पडद्याचे चारही कोपरे स्टायलसने दाबून बघा. 'नाइट्स'मध्ये गोळ्या चुकवत ठिपका कोपऱ्यात न्यावाच लागतो, तिथे स्पर्श मेलेला असेल तर गेम खेळण्यात अर्थ नाही. डीएसचं कार्ट्रिज त्याच्या नंतर आलेल्या ३डीएसवरही चालतं, चांगल्या स्थितीतलं ३डीएस मिळालं तर तेच घ्या. दोन्ही गेम अमेरिकन आवृत्तीत इंग्रजीत आहेत. 'नाइट्स'मध्ये वाचन बरंच आहे, भाषाही जुन्या वळणाची, तेव्हा दहा-बारा वर्षांच्या मुलाला तो देऊ नका, त्याला 'हाफ-मिनिट हीरो' द्या.

भाच्याला मी सांगितलं: रोजच्या बससाठी पीएसपी घे, 'हाफ-मिनिट हीरो' घे, आणि इतर तीन भाग कंटाळवाणे वाटले तर 'हीरो ३०' पुन्हा खेळ. पण रात्री जेवणानंतर तुला सलग दोन तास मिळत असतील, सुरुवातीला हरायची तयारी असेल, आणि ज्या योद्ध्यांना तू वापरून संपवतोस त्यांची नावं लक्षात ठेवावीत असं तुला वाटत असेल, तर डीएस आणि 'नाइट्स'. मला एकच ठेवायचा असता तर मी 'नाइट्स' ठेवला असता.

त्याने पीएसपी घेतला. दिवाळीच्या सुट्टीत माझा डीएस मागून घेऊन गेला. परवा रात्री साडेअकराला फोन आला, "मावशी, धडा तिसरा संपला, पण ती पटावरची ओळ काही लागत नाहीये." मी म्हटलं, आधी राक्षसांचं चक्र थांबवायला शिक, ओळ मग लागेल.