पहिला डाइव्ह कॉम्प्युटर: आधी पडदा, मग बॅटरी, मग गणित

माझ्या एका मैत्रिणीच्या वीस-बावीस डाइव्ह झाल्यात, सगळ्या भाड्याच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटावरच्या यंत्रावर. आता तिला स्वतःचा घ्यायचाय. तिने पाच मॉडेलांची यादी पाठवली आणि विचारलं, "यातला कुठला?" मी उलट विचारलं, "मागच्या डाइव्हला पाण्याखाली तुला काय वाचता आलं नाही?" ती जरा थांबली. मग म्हणाली, "दोन आकडे दिसत होते, एक ३१ आणि एक १४. मिनिटं किती झाली आणि किती उरली, यातला कुठला आकडा कशाचा तेच आठवेना."

माझ्या मते तुलना इथूनच सुरू व्हायला हवी. जाहिरातीत ती कमाल खोली, ब्लूटूथ आणि श्वासाची किती गॅस-मिश्रणं चालतात यावरून सुरू होते. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर. १२० मीटरपर्यंत चालणाऱ्या यंत्राचे उरलेले ८० मीटर आपल्या काय कामाचे?

पडदा आणि बटणं

ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिली, कॅल्क्युलेटरसारख्या काळ्या आकड्यांची: क्रेसी लिओनार्डो, सुंटो झूप नोव्हो आणि त्यांच्या पंगतीतली यंत्रं. दुसरी, मोठ्या रंगीत पडद्याची: शीअरवॉटर पेरेग्रिन हे तिचं ठळक उदाहरण. तिसरी, रोज हातात घालता येतील अशा घड्याळांची: गार्मिन डिसेंट, शीअरवॉटर टेरिक, अ‍ॅपल वॉच अल्ट्रा.

काळ्या आकड्यांचे पडदे स्वस्त असतात, भर उन्हात छान दिसतात आणि बॅटरी फार खात नाहीत. अडचण एकच, पण मोठी: सगळे आकडे एकाच रंगाचे. झालेला वेळ मिनिटांत, उरलेला नो-डेको वेळही (वर येताना सक्तीचा थांबा न घेता खाली अजून किती राहता येईल तो) मिनिटांत, आणि दोन्ही बहुतेक वेळा दोन अंकी. इशारा म्हणजे एखादं चिन्ह लुकलुकणार किंवा बारीकसा बाण दिसणार. गढूळ पाण्यात किंवा रात्री बटण दाबून मागचा दिवा लावायचा, नाहीतर टॉर्च मारायचा. किनाऱ्यावर बसून हे सगळं सोपं वाटतं. पण ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढायला लागली की साधी वजाबाकीसुद्धा नकोशी होते, आणि "यातला कुठला आकडा कशाचा" हा प्रश्न नेमका तिथे पडतो.

पेरेग्रिनचा पडदा २.२ इंची. काही बिनसलं की तो आकडा पिवळा होतो, गंभीर असेल तर लाल, शिवाय मनगटावर थरथर जाणवते. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाण्याच्या वरच्या काही मीटरमध्येच विरून जातो, मग खाली लाल आकडा कसा दिसणार, असं मला एकदा कुणीतरी विचारलं होतं. दिसतो. पडद्याचा प्रकाश स्वतःचा असतो आणि डोळ्यापासून जेमतेम हातभर लांब. ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांनी तर दुसरं काही बघूच नये असं माझं मत. मास्कमध्ये नंबराची काच बसवणं हा दुसरा मार्ग आहे, पण भाड्याच्या मास्कला तो चालत नाही.

बटणांबाबत मी जरा हट्टी आहे. लिओनार्डोला एकच बटण. पाण्याखाली त्यात चुकायला वाव नाही, हे खरंच चांगलं. पण वर, बोटीवर, नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेच्या मिश्रणाची) टक्केवारी भरताना तेच एक बटण दाबत बसावं लागतं. झूप नोव्होला चार बटणं आहेत, म्हणजे कुठलं काय करतं ते लक्षात ठेवणं आलं. पेरेग्रिनला दोन, आणि मेनूमध्ये असताना कुठलं बटण पुढे काय करणार ते पडद्यावर त्याच्या बाजूलाच लिहिलेलं असतं. पुस्तिका घरी विसरणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची.

गणित कुणाचं?

खाली श्वासातला नायट्रोजन शरीरात साठत जातो, आणि थांबा न घेता किती वेळ राहता येईल ते यंत्र त्यावरून काढतं. हे कुठल्या गणिताने काढावं, यावर डायव्हर मंडळी तासन्‌तास भांडतात. मूळ कल्पना शरीरशास्त्रज्ञ हाल्डेनची, १९०८ ची: शरीराचे काल्पनिक भाग करायचे, कुठल्या भागात नायट्रोजन किती वेगाने शिरतो आणि निघतो ते मोजायचं. झुरिकच्या डॉक्टर अल्बर्ट बुलमनने ते पुढे नेलं. त्याच्या झेडएचएल-१६ या गणितात असे १६ भाग आहेत. सर्वांत चपळ भागाचा अर्धकाल (निम्मा भरायला लागणारा वेळ) ४ मिनिटं, सर्वांत सुस्त भागाचा ६३५. शीअरवॉटर, गार्मिन आणि अ‍ॅपल घड्याळातलं ओशनिक प्लस अ‍ॅप हे सगळे बुलमनच्या गणितावर चालतात. झूप नोव्होमध्ये ब्रूस विन्केच्या आरजीबीएम या गणिताची आवृत्ती आहे. ते बुडबुड्यांचाही विचार करतं, त्यामुळे लागोपाठच्या डाइव्हना वेळ जास्त कापतं. ओशनिकच्या जिओ ४.० सारख्या यंत्रांत दोन गणितं आहेत: पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यांमागचं डीसॅट आणि त्याहून सावध झेड प्लस.

तुलनेसाठी पाडीचा तक्ता घ्या: १८ मीटरवर ५६ मिनिटं, ३० मीटरवर २०. तक्ता असं धरून चालतो की पूर्ण वेळ तुम्ही सर्वांत खोल जागीच होतात. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी खोली बघतो, म्हणून तुम्ही १० मीटरवर येऊन प्रवाळाभोवती रेंगाळलात तर उरलेला वेळ पुन्हा वाढताना दिसतो. हा फायदा स्वस्त-महाग सगळ्यांत सारखाच. दिवसाच्या पहिल्या डाइव्हला वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांपासून फार लांब जात नाहीत. तिसऱ्या डाइव्हला, मधली विश्रांती कमी पडली असेल तर, फरक बघण्यासारखा होतो.

मग सुरक्षित कुठलं? नो-डेको डायव्हिंगपुरतं मी कंपनीपेक्षा सेटिंगकडे जास्त बघतो. शीअरवॉटरमध्ये तीन तयार पर्याय आहेत: ४५/९५, ४०/८५ आणि ३५/७५. यांना ग्रेडियंट फॅक्टर म्हणतात. थांबे न घेता वर येणाऱ्या डायव्हरला प्रत्यक्षात दुसरा आकडाच लागू पडतो. ८५ म्हणजे पृष्ठभागावर पोचताना बुलमनने जो ताण कमाल मानला त्याच्या ८५ टक्क्यांवर यंत्र तुम्हाला अडवणार. एकाच यंत्रात ९५ वरून ७५ वर आलात तर वेळ बराच घटतो. सुंटो आणि क्रेसीतही सावधपणाच्या पायऱ्या आहेत, फक्त तिथे ० ते २ असे आकडे असतात आणि त्यामागे नेमकं काय बदलतं ते तितकं उघड नसतं. मला हा उघडपणा महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांना वाटेलच असं नाही.

यादी बघताना बहुतेक जण एक प्रश्न विसरतात: तुमचा नेहमीचा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, काय वापरतो? दोघांतल्या ज्याचा वेळ आधी संपतो, त्याच्याबरोबर दोघांनाही वर सरकावं लागतं. तुमचं यंत्र कितीही उदार असलं तरी बडीचं कंजूष असेल तर ते औदार्य वाया. नवरा-बायको किंवा दोन मित्र कायम एकत्र जात असतील तर त्यांनी एकाच गणिताची आणि एकाच सेटिंगची यंत्रं घ्यावीत; पाण्याखालची निम्मी हातवारे-भांडणं वाचतात.

यंत्र 'कुलूप' लावतं की नाही, यावरही वाद असतो. सक्तीचा थांबा मोडून वर आलात तर अनेक हौशी कॉम्प्युटर पुढचे २४ ते ४८ तास हिशेब देणं बंद करतात आणि नुसती खोली-वेळ दाखवतात. शीअरवॉटर असं करत नाही, हिशेब चालू ठेवतं. पुष्कळ जण कुलपाला दोष मानतात. मी मानत नाही. पहिल्या पन्नास डाइव्हांच्या आत ज्याने थांबा मोडला, त्याने एक-दोन दिवस बोटीवर चहा पीत बसलेलंच बरं.

बॅटरी

हा भाग मी स्वतःच्या पैशाने शिकलो. चार दिवसांची बोटीची सफर, दुसरी सकाळ, आणि माझ्या पहिल्या कॉम्प्युटरवर रिकाम्या बॅटरीचं चिन्ह. त्याची बॅटरी फक्त सर्व्हिस सेंटरमध्येच बदलता यायची. बोटीवर भाड्याचं यंत्र होतं, पण ते घालून तसंच उतरता येत नव्हतं, कारण कालच्या तीन डाइव्हांचा नायट्रोजन माझ्या शरीरात होता आणि त्या यंत्राला त्याचा पत्ता नव्हता. पूर्ण दिवस कोरडा बसलो, मग दुसऱ्या दिवशी ते घेतलं. दोघांनी मिळून एक कॉम्प्युटर वापरणं चुकीचं, तेही याच कारणाने.

लिओनार्डो आणि झूप नोव्होची नाण्यासारखी बॅटरी घरी बदलता येते. झाकणाखालच्या ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर) केस किंवा वाळूचा कण नाही एवढं बघायचं. पेरेग्रिन तारेविना चार्ज होतं आणि एका चार्जवर सुमारे ३० तास चालतं, पण आतली बॅटरी आपल्याला बदलता येत नाही. शीअरवॉटरच्याच पर्डिक्स २ मध्ये साधा डबल-ए सेल बसतो, म्हणजे टॉर्चमधला काढूनही चालवता येतं. वीज नसलेल्या जागी जाणाऱ्यांसाठी ही सर्वांत निश्चिंत सोय. घड्याळांचं उलट आहे: ती दिवसभर पावलं आणि मेसेज मोजतात, त्यामुळे डाइव्हच्या सकाळी किती टक्के उरलेत हे रोज बघावं लागतं.

घड्याळ घ्यावं का?

२०२२ मध्ये आलेलं अ‍ॅपल वॉच अल्ट्रा ओशनिक प्लस अ‍ॅपच्या जोरावर ४० मीटरपर्यंत कॉम्प्युटरचं काम करतं. नो-डेकोचा हिशेब हवा तर अ‍ॅपची वर्गणी भरावी लागते. पाण्यात स्पर्श चालत नाही, काम बटणावर आणि फिरत्या खुंटीवर. गार्मिन डिसेंट जी१ ची सौरऊर्जेवर भर घालणारी आवृत्तीही आहे. दोन्ही यंत्रं चांगली आहेत, आणि ज्याच्या मनगटावर ती आधीच आहेत त्याला मी नवीन काही घ्यायला सांगणार नाही. पण फक्त डायव्हिंगसाठी घ्यायचं तर त्याच पैशात मोठा पडदा मिळतो.

खोक्यावरच्या ईएन १३३१९ या शिक्क्याने हुरळून जाऊ नका. तो खोली आणि वेळ मोजण्याच्या अचूकपणाबद्दल आहे; नो-डेकोच्या गणिताबद्दल तो काही म्हणत नाही.

टँकचा दाब मनगटावर

रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजवर, म्हणजे टँकला जोडलेल्या भागावर, ट्रान्समीटर बसवला की टँकमधला दाब पडद्यावर येतो. हवा किती वेगाने संपतेय ते कळतं, पुढे श्वास सुधारायला त्याचा खरा उपयोग होतो. बहुतेक कंपन्या रेडिओ वापरतात. गार्मिनच्या डिसेंट एमके२आय सारख्या मॉडेलांत ध्वनिलहरी असल्याने १० मीटरपर्यंतच्या सोबत्याचा दाबही दिसू शकतो. पण ट्रान्समीटर म्हणजे आणखी एक बॅटरी, आणखी एक जोडणी आणि बराच खर्च. शिवाय साधं दाबमापक काढून टाकू नये असंच मी म्हणेन. मूळ पेरेग्रिनमध्ये ही सोय नाही, पेरेग्रिन टीएक्समध्ये आहे. पहिल्या यंत्रात नसली तरी चालेल.

नायट्रॉक्स आता यादीतल्या सगळ्यांतच आहे. ३२ टक्क्यांचं मिश्रण भरलंत आणि ते यंत्रालाही सांगितलंत, तर ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बार या मर्यादेवर ते तुम्हाला साधारण ३३ मीटरवर हटकेल. सांगायचं विसरलात तर हटकणार नाही.

तेव्हा, वर्षाला एखादी सफर, दरवेळी गाइडबरोबर आणि खर्च आवरता हवा असेल तर लिओनार्डो किंवा झूप नोव्हो, आणि निघण्यापूर्वी नवी बॅटरी. डायव्हिंग चालू ठेवायचं नक्की असेल, डोळे थकलेले असतील किंवा बोटीवर दिवसाला तीन-चार डाइव्ह होत असतील तर पेरेग्रिन, मधल्या सेटिंगवर. दूरच्या, बिनविजेच्या बेटांवर जाणार असाल तर पर्डिक्स २. आरजीबीएमवाल्या बडीबरोबर कायम जायचं असेल तर माझ्या आवडीनिवडी बाजूला ठेवून तेच घ्या.

मैत्रिणीला मी विकत घ्यायला लावलं नाही. एका डाइव्हला तिने दोन्ही हातांवर दोन यंत्रं बांधली, डाव्यावर काळ्या आकड्यांचं भाड्याचं, उजव्यावर माझं रंगीत. वेळ आधी संपेल त्याचं ऐकायचं असं ठरलं होतं. वर आल्यावर मास्क काढायच्या आधीच तिने सांगितलं, "डावीकडे मी एकदाच बघितलं, आणि तेही तू सांगितलं होतंस म्हणून."