जिप्सम म्हणून चुनखडी गळ्यात मारली

३३,७०० रुपये गेले. ४० गोण्या, गोणीला ७८०, म्हणजे ३१,२००. वर ‘माती तपासणी’चे २,५००. आकडे मुद्दाम देतोय, गोण्या विकणारा तो माणूस अजून याच दराने गावोगाव फिरतोय.

कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस, निचरा शून्य, जमीन चोपण झालेली, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला. पाऊस पडला की चिखल, वाळली की ढेकूळ फुटत नाही. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो हे मला ठाऊक होतं, त्यामुळे अडाणी म्हणून फसला असं कुणी म्हणू नये.

त्याने माझ्याच रानातली माती ग्लासात ढवळली. पाणी गढूळच राहिलं. मग खिशातल्या डबीतून चिमूटभर पावडर टाकली. थोड्या वेळात माती तळाला, पाणी नितळ. खिशातल्या डबीतून! शेजारी टेम्पोत गोण्या रचलेल्या. त्यातली एक फोड म्हणालो असतो तर तिथेच पितळ उघडं पडलं असतं. पण ‘दादा, पुढच्या गावाला माल उतरवायचाय’ ही घाई, आणि बाजूला दोघं नोटा मोजत उभे. अशा वेळी कोण गोणी फोडायला लावतो?

गोणीवर हिरव्या पानाचं चित्र, कंपनीचं नाव नाही, लॉट नंबर नाही. पावती कच्ची. पक्कं बिल नसेल तर माल उतरवूच देऊ नका.

पावसाळा सरला, जमीन तशीच. गोणीच्या तळाला उरलेल्या भुकटीवर लिंबू पिळलं, फसफसली. जिप्सम फसफसत नाही, चुनखडी फसफसते. आमच्या काळ्या रानात ती आधीच खंडीभर आहे, आणि एवढ्या चढ्या सामूत (pH) ती विरघळतच नाही.

कृषी कार्यालयात गेलो तर ‘हे खतात मोडत नाही’. मग कशात मोडतं? साहेब मीटिंगला. पोलीस म्हणाले, व्यवहाराचा वाद आहे, बिल आणा. बिल असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? पुन्हा कृषीत, तर नमुना सीलबंद गोणीचाच हवा! शेतात टाकायला आणलेला माल सीलबंद ठेवतो कोण?

त्याच्या तपासणीच्या कागदावर नुसता सामू होता. मृदा आरोग्य पत्रिकेतही विनिमय सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण, नसतो, प्रयोगशाळेत वेगळा मागा. १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्समचा विचार करा. तेही आधी चर काढून. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेला नाही तर अस्सल जिप्समही फुकट.

याच पानाच्या चित्राची न फोडलेली गोणी कुणाकडे असेल तर फोडू नका, मला कळवा. ग्राहक आयोगात जातोय, नमुना लागेल.