पीपीझेड०५०६: ईआर-बीटाच्या अँटिबॉडीचा वर्षभराचा अनुभव

एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी. त्यांच्या लायसेटवर (पेशी फोडून काढलेल्या द्रवावर) ही अँटिबॉडी, म्हणजे ईआर-बीटा शोधून धरणारं प्रोटीन, लावली की ब्लॉट (प्रोटीन जेलवर वेगळी करून पडद्यावर उतरवायची चाचणी) कोरा येतो. आमच्याकडच्या नव्या विद्यार्थ्याला वाटलं, ट्रान्सफरच झालं नाही. पॉन्सोचा, म्हणजे सगळीच प्रोटीन रंगवणाऱ्या रंगाचा, फोटो बघ म्हटलं; प्रोटीन व्यवस्थित उतरलेलं होतं. बँड नव्हता, कारण धरण्यासारखं तिथे काही नव्हतंच. मी ही अँटिबॉडी सुचवते ती मुख्यतः या कोरेपणासाठी.

थोडी पार्श्वभूमी. इस्ट्रोजेन या हार्मोनचा दुसरा रिसेप्टर (त्याला पेशीत धरणारं प्रोटीन), ईआर-बीटा, १९९६ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या गटाने रॅटच्या प्रोस्टेटमधून शोधला. त्यानंतर स्तनाच्या कर्करोगात तो किती असतो, असला तर चांगलं की वाईट, यावर ढिगाने पेपर आले आणि त्यांचं आपसात जमेना. २०१७ मध्ये स्वीडनमधल्याच संशोधकांनी १३ अँटिबॉडी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. सगळ्या चाचण्यांत टिकली ती ही एकच, आणि तोवर ती फारसं कुणी वापरतही नव्हतं. तिने पाहिलं तर निरोगी स्तनात आणि स्तनाच्या ट्यूमरमध्ये ईआर-बीटा दिसलाच नाही. अंडाशयाच्या ग्रॅन्युलोसा पेशी (अंड्याभोवतीच्या पेशी) आणि वृषण इथे मात्र स्पष्ट दिसला.

आमच्या लॅबमध्ये आधी एक पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) होती. कंपनीचं नाव घेत नाही. प्रत्येक लेनमध्ये ठसठशीत बँड, त्यामुळे सगळे खूश. पुढे ईआर-बीटाचा प्लाझ्मिड (ते प्रोटीन बनवायला लावणारा डीएनए) घातलेल्या आणि न घातलेल्या हेक२९३ या लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी शेजारी शेजारी चालवल्या, तर दोन्हीकडे तोच बँड, तेवढाच जाड. त्या दिवसापासून ती कुपी फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यात आहे. टाकून द्यायचं धाडस कुणाचं होत नाही, ग्रँटचे पैसे ना!

पीपीझेड०५०६ ने हीच चाचणी पहिल्याच ब्लॉटमध्ये पार केली. प्लाझ्मिडच्या लेनमध्ये ५९ किलोडाल्टनच्या जवळ एक बँड, शेजारची लेन रिकामी. आम्ही १:५०० ला वापरतो, ५ टक्के दुधात ब्लॉक करून, रात्रभर ४ अंशांवर. रिसेप्टर न्यूक्लियसमध्ये असतो, त्यामुळे लायसेट सोनिकेट केलं नाही (ध्वनिलहरींनी फोडलं नाही) तर बँड फिका येतो. प्लाझ्मिड असलेल्या-नसलेल्या लेनची ही कंट्रोलची जोडी आता प्रत्येक जेलवर असतेच, आणि नवा लॉट आला की आधी तीच चालते.

पॅराफिन सेक्शनवर (मेणात बसवून कापलेल्या ऊतीच्या चकतीवर) सूर लागायला वेळ गेला. अँटिबॉडी लावण्याआधी सेक्शन गरम बफरमध्ये ठेवावा लागतो. सिट्रेटमध्ये, पीएच ६ ला, रंग मिळमिळीत येत होता. ट्रिस-ईडीटीए, पीएच ९ ला न्यूक्लियस उठून दिसू लागले. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून वृषणाचा सेक्शन ठेवा. स्तनाच्या ट्यूमरचा सेक्शन ठेवलात तर दिवसभर बफर बदलत बसाल.

आता खटकणाऱ्या गोष्टी. ही उंदराची मोनोक्लोनल (एकाच प्रकारची अँटिबॉडी) आहे. इम्युनोप्रेसिपिटेशननंतर (अँटिबॉडीनेच प्रोटीन ओढून काढल्यावर) ब्लॉट केला की तिचीच हेवी चेन ५० किलोडाल्टनला येते, म्हणजे आपल्या बँडच्या अगदी खाली, आणि जेल जरा आखूड चाललं तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. अँटिबॉडीची फक्त लहान साखळी, लाइट चेन, ओळखणारी सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला धरून ती दाखवणारी दुसरी अँटिबॉडी) घेतल्यावर हा त्रास गेला, पण तो खर्च वेगळा. दुसरं म्हणजे, ती रिसेप्टरच्या सुरुवातीच्या, एन-टर्मिनल भागाला धरते. ईआर-बीटा-१, २ आणि ५ या आवृत्त्या शेवटच्या टोकाला बदलतात. त्यामुळे यातली नेमकी कुठली आहे, हे अँटिबॉडी सांगू शकत नाही. ज्यांचा प्रश्नच आवृत्त्यांचा आहे त्यांनी आरएनएकडे जावं.

किंमत झोंबते आणि वाट पाहावी लागते. इंडेंट, कोटेशन, मग डिस्ट्रिब्युटरचं ‘मॅडम, पुढच्या आठवड्यात नक्की’. आमची एक कुपी वितळलेल्या जेल पॅकसोबत शुक्रवारी संध्याकाळी आली. सुदैवाने काम करत होती. आल्या आल्या छोटे अ‍ॅलिकॉट (वेगवेगळ्या नळ्यांत छोटे वाटे) करून उणे २० ला टाका, आणि शक्य असेल तर सोमवारी पोचेल असं सांगून ऑर्डर द्या.

गाइडला पटवणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. ज्यांचे जुने पेपर स्तनाच्या पेशींमधल्या ईआर-बीटावर उभे आहेत, त्यांना कोरा ब्लॉट दाखवायचा तर सोबत पॉझिटिव्ह कंट्रोल, पॉन्सोचा फोटो आणि क्यूपीसीआर (आरएनए किती आहे हे मोजणारी चाचणी) हवंच. आमच्याकडे क्यूपीसीआरनेही एमसीएफ-७ मध्ये जवळपास काही दाखवलं नाही. तेव्हा कुठे चर्चा बफरवरून पुढे सरकली.

प्राण्यांवर काम करणाऱ्यांसाठी: रॅट आणि माऊसच्या ईआर-बीटावरही ती चालते, असं जपानी संशोधकांनी दाखवलं आहे. मी स्वतः रॅटच्या अंडाशयावर वापरली, ग्रॅन्युलोसा पेशी छान रंगल्या. माऊसच्या ऊतींवर मात्र सेकंडरी प्राण्याच्या स्वतःच्या आयजीजीलाही (त्याच्या अँटिबॉडींनाही) चिकटते, तेव्हा त्यासाठीचं वेगळं ब्लॉकिंग किट ऑर्डरमध्ये आधीच घाला.