खुराड्याचा आपोआप बंद होणारा दरवाजा : पावसाळा आणि थंडी काढल्यानंतरचा अनुभव

कोंबड्या पाळल्या की रोज तिन्हीसांजेला घरी हजर राहावं लागतं. खुराडं एक रात्र जरी उघडं राहिलं, तरी मुंगूस, रानमांजर किंवा भटक्या कुत्र्याला तेवढं पुरतं. म्हणून उजेडाच्या सेन्सरवर चालणारा दरवाजा बसवून घेतला. आता तो एक पावसाळा आणि एक थंडी पाहून झाला आहे, त्यामुळे खात्रीने लिहितेय.

दरवाजा म्हणून तो चोख आहे. अॅल्युमिनियमचा पत्रा दोन खाचांमधून वर-खाली सरकतो आणि मोटर आट्यांचा (स्क्रूसारखा) दांडा फिरवून त्याला सरकवते. त्यामुळे बंद झाल्यावर पत्रा खालून कितीही रेटला तरी हलत नाही. विकत घेताना हे हाताने तपासूनच घ्या. काही दरवाजे दोरीला टांगलेले असतात आणि नुसत्या वजनाने खाली येतात. त्यांच्या फटीत पंजा घालून जनावर पत्रा उचलू शकतं. बंद होताना मध्ये काही आलं तर आमचा दरवाजा थांबतो आणि परत वर जातो. मी आडवा हात धरून पाहिला, पत्रा टेकताच मोटर उलटी फिरली.

टायमर घ्यावा की सेन्सर? दिवस लहान-मोठा होतो, त्यामुळे नुसता टायमर दर थोड्या दिवसांनी बदलत बसावं लागतं. सेन्सरचीही एक अडचण आहे. आभाळ गच्च भरून आलं की त्याला संध्याकाळ झाली असं वाटतं, आणि कोंबड्या अजून बाहेर चरत असतात. जवळ अंगणातला दिवा असेल तर उलटं होतं, दरवाजा उशिरापर्यंत उघडाच राहतो. आमच्या दरवाज्यात ‘अमुक वाजण्याआधी बंद होऊ नये’ अशी सोय आहे, म्हणून पावसाळा निभावला. ही सोय नसलेला दरवाजा मी घेणार नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दरवाजा फक्त बंद होतो. कोंबड्यांना आत आणायचं काम दांडीचं, म्हणजे खुराड्यात त्या रात्री ज्यावर बसून झोपतात त्या आडव्या काठीचं आहे. कोंबडीला अंधारात फारच कमी दिसतं, म्हणून उजेड उतरायला लागला की ती उंच जागा शोधते. खुराड्यातली दांडी तिला पटली नाही तर ती झाडाच्या फांदीवर जाऊन बसते. तिथे तिला उदमांजर किंवा घुबड सहज गाठतं. एकदा अंधार पडला की ती उठून पळतही नाही.

त्यामुळे दांडीवर नीट विचार करा. गोल, बारीक काठीपेक्षा पाच ते दहा सेंटीमीटर रुंद, सपाट, कडा घासून गोल केलेली पट्टी चांगली. त्यावर कोंबडी पाय मुडपून बसते आणि थंडीत तिची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. दर कोंबडीमागे वीस-पंचवीस सेंटीमीटर जागा धरा. दांडी अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा उंच हवी, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी शिटेने माखलेली मिळतात. मात्र फार उंचही नको. जड कोंबडी रोज उंचावरून उडी मारत राहिली तर तळपायाला गळू होतं.

आमच्याकडे एक तलंग (तरुण कोंबडी) दरवाजा लागायच्या वेळी बाहेरच असायची. मी एका संध्याकाळी आत डोकावून बसले, तेव्हा कारण कळलं. कळपातली म्होरकी कोंबडी दांडीच्या दाराकडच्या टोकाला बसायची. तलंग आत आली की तिच्या डोक्यात टोच मारायची. तलंग मागे सरायची, उंबऱ्यावर घुटमळायची आणि पुन्हा अंगणात जायची. समोरच्या भिंतीला तेवढ्याच उंचीवर दुसरी दांडी ठोकली. काही संध्याकाळी मी तिला अंधार पडल्यावर उचलून तिथे ठेवलं आणि मग ती आपली आपण जायला लागली. दुसरी दांडी खाली ठोकून चाललं नसतं, कारण सगळ्यांना वरचीच हवी असते.

नवीन पक्षी आणले तर आठवडाभर खुराड्यात आणि लगतच्या जाळीतच ठेवा. घर कुठलं हे डोक्यात बसलं की ते परत येतात. तोवर त्यांना सेन्सरच्या भरवशावर मोकळं सोडू नका.

दरवाजा पक्का असून जाळी कच्ची असेल तर उपयोग नाही. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण शिकारी जनावराला बाहेर ठेवत नाही. बारा मिलिमीटर भोकांची वेल्डेड जाळी लावा आणि खालून उकरणाऱ्यांसाठी ती जमिनीतही उतरवा. हवेची भोकं दांडीच्या वर, छताजवळ ठेवा. रात्रभरच्या शिटेचा अमोनिया कोंडला तर फुप्फुसांना त्रास होतो. दांडीची टोकं जिथे भिंतीत बसतात त्या फटींत दिवसा लाल माइट (कोंबड्यांवर जगणारे बारीक जीव) लपतात आणि रात्री रक्त पितात. म्हणून दांडी काढता येईल अशीच बसवा.

आता तक्रार. थंडीत बॅटरी लवकर उतरते. ती संपत आल्याचा दिवा इतका मिणमिणता आहे, की दिवसाउजेडी दिसतच नाही. बॅटरी पार संपली तर दरवाजा आहे त्या स्थितीत राहतो, म्हणजे बहुतेक वेळा उघडा. बनवणाऱ्यांनी बॅटरी उतरत आली की दरवाजा आधी बंद होईल अशी सोय द्यायला हवी. तोवर थंडी सुरू होण्याआधी बॅटरी बदला आणि दिवेलागणीनंतर टॉर्च घेऊन दांडीवरची डोकी मोजा.