लीचेसची विश्लेषण सुविधा : एका बलिदानी डावाच्या कसोटीवर

बुद्धिबळाच्या विश्लेषणाची सुविधा पारखायची असेल, तर तिच्यापुढे संथ, घोटीव डाव न ठेवता बलिदानांनी गाजलेला डाव ठेवावा. तिची ताकद आणि तिच्या मर्यादा तिथे एकदमच दिसतात. या परीक्षणासाठी मी गॅरी कास्पारोवने १९९९ साली नेदरलँड्समधील वाइक आन झी येथे वेसेलिन टोपालोवविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी जिंकलेला डाव निवडला. लीचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ मोफत आहे, त्यावर जाहिराती नाहीत आणि विश्लेषणाचा पट वापरण्यासाठी खातेही उघडावे लागत नाही. डावाची नोंद चिकटवली की स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे खेळींचा हिशेब करणारी संगणक-प्रणाली, ब्राउझरमध्येच कामाला लागते.

खरी परीक्षा २४व्या खेळीला होते. कास्पारोवने हत्तीने डी४ वरील प्यादे मारले, ज्याला सी५ वरील प्याद्याचा उघड जोर होता. टोपालोवने हत्ती खाल्ला आणि लगेच दुसरा हत्ती ई७ वर शह देत येऊन बसला. तोही वजिराने खाल्ला असता, तर पांढरा वजीर डी४ वर शह देतो, राजा बी८ वर हटताच बी६ वर पुन्हा शह देतो, मध्ये घातलेला उंट जखडला गेल्यामुळे सी६ वर आलेला घोडा त्याला मारता येत नाही, आणि ए७ वर मात होते. हे सगळे पटावर बाण काढत पाहताना सुविधा अतिशय सोयीची वाटते. पण तीच सुविधा हेही दाखवते की, काळ्याने २४व्या खेळीला डी४ वरचा पहिला हत्तीच न खाता राजा बी६ वर नेला असता, तर त्याचे फारसे बिघडले नसते. म्हणजे ज्या खेळीने हा डाव अजरामर झाला, ती निव्वळ हिशेबाने डाव जिंकून देणारी नव्हती. समोरच्याला घड्याळ चालू असताना एक अवघड नकार देता आला नाही, म्हणून ती जिंकली. कोणाची बाजू किती वरचढ आहे हे दाखवणाऱ्या मूल्यांकनाच्या पट्टीला हा फरक दाखवता येत नाही आणि तो दाखवणे हे तिचे कामही नाही, मात्र नवख्या वाचकाला हे कोणीतरी सांगायला हवे.

इंजिनच्या ओळी, म्हणजे ते सुचवत असलेल्या खेळींच्या मालिका, एकाऐवजी तीन ठेवाव्यात, असा माझा आग्रह आहे. २८व्या खेळीला कास्पारोव वजीर सी३ वर आणतो आणि बी३ वर मात करण्याची धमकी देतो. पण हत्ती आधीच ए७ वर नेणे अधिक जोरकस होते, हे दोन ओळी शेजारी असल्या की कळते. धमकी दाखवणारे बटणही असेच मोलाचे आहे, कारण शह न देणाऱ्या शांत खेळीमागचा हेतू त्यामुळे उघड होतो. ३६व्या खेळीला उंट गुपचूप एफ१ वर सरकतो. त्याला काळ्या वजिराने मारले, तर पांढऱ्या वजिराचा सी२ वरून शह आणि पाठोपाठ ई या उभ्या पट्टीवर मात. ए७ वरून निघालेला काळा राजा तोवर पट ओलांडून थेट डी१ वर येऊन पोहोचलेला असतो!

आकड्यांबाबत मात्र सावध राहावे. कमी खोलीवरचा, म्हणजे इंजिनने मोजक्याच खेळी पुढचे पाहून दिलेला, निकाल अशा डावांत डळमळतो, आणि साध्या फोनवर ही खोली सावकाश वाढते, त्यामुळे पट्टी स्थिरावेपर्यंत थांबणे भाग आहे. शिवाय ‘का’ या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळत नाही. मिळतात त्या फक्त पुढच्या खेळी.

ती उणीव ‘स्टडी’ हा विभाग बऱ्याच अंशी भरून काढतो, कारण त्यात प्रत्येक खेळीशेजारी स्वतःची टिप्पणी लिहिता येते आणि ती इतरांनाही दाखवता येते. मुलांना शिकवणाऱ्यांनी हा डाव तिथेच मांडावा, इंजिन सुरुवातीपासून बंद ठेवावे आणि २४, २८ व ३६ या तीन खेळींवर मुलांचे अंदाज लिहून झाल्यावरच ते चालू करावे.